आत्याबाई, तुमची निळी बस

आत्याबाई, तुमचा जलदानाचा कार्यक्रम झाला, पांढऱ्या साड्या नेसून आलेल्या बाया आपापल्या घरी गेल्या, आन लगेच भंगारवाला आला. तुमच्या बसभवती फिरला, बाजारात मडकं वाजवून बघत्यात तसा हातातल्या सळईनं पत्रा वाजवून बघितला, आन तुमच्या ल्योकाला, माझ्या मालकाला, म्हनाला, "रंग ताजा हाय, पन रंगाला कोन इचारतंय? लोखंड म्हनूनच जाईल." मी सोनीला कडंवर घिऊन पायरीवर उभी. मला वाटलं आत जावं आन तुमाला सांगावं, आत्याबाई, बघा की ह्यो काय बोलतोय. पाय आत टाकला बी. मशीनवर तुमी न्हाय. मंग परत कळलं. रोज असं नव्यानं कळतंय.

मला लिहाया धड येत न्हाय, सहावीत शाळा सुटलेली. पन तुमच्याशी बोलायची सवय लागलीया, ती कुठं नेऊन ठेवू? म्हनून बोलते. मधी दम लागंल, मधी भ्या वाटंल. तुमी म्हनायच्याच, "मंगे, आधी श्वास घे, मंग बोल. कुनी मागं लागलंय का?" लागलंय आत्याबाई.

लगीन हून मी जळोचीत उतरले तवा घर हुडकत व्हते. एक बाभळ, एक हापसा, आन मोकळ्या रानात उभी निळी बस. मी तुमच्या कानात इचारलं, "आत्याबाई, घर कुठंय?" तुमी म्हनाला, "ह्ये काय, चाकावर हाय. चढ, पायरी उंच हाय, साडी सांभाळ." मी रडायच्या बेतात. तर तुमी समद्या पावन्यांच्या देखत म्हनाला, "रडती कशापायी? बाकीच्या सुनांला एक गाव मिळतं, तुला बारामती आन इंदापूर दोन तालुकं मिळालं." समदी हसली. मला लई राग आल्ता तुमचा. खरं सांगते, आल्ता.

मामंजींना मी बघितलं न्हाय. तुमीच सांगायच्या, कुठल्यातरी शाळेची थकलेली बस त्यांनी घेतली, सीटा उपटून टाकल्या, खिडकीखाली तुमची शिलाई मशीन ठेवली आन म्हनाले, चल आता गिऱ्हाइकाच्या दारात जाऊ. तुमी बसला सवत म्हनायच्या. "मालकानं आधी हिला घरात आनली, मंग मला इचारलं." पन त्या सवतीची तुमी जेवढी उठबस केली तेवढी कुनी सख्ख्या बहिनीची करत न्हाय. वरच्या दांड्याला सोनीची झोळी बांधली तवा बी आधी दांडा पुसून घ्येतला, "हिला घान लागंल" म्हनून. मला कळंना, हिला म्हंजी सोनीला का बसला.

आन तिचं नखरं! चावी मारली की टक् करायची आन गप. थंडीत तर आदल्या दिसापासनं तिच्या नावानं घोर. म्हनूनच आपन तिला उताराला उभी करायचो. कारखान्याचा सीझन लागला की भवानीनगरला ऊसतोडीवाल्यांच्या तळावर न्यायची आन सीझन सरस्तवर तितनं हलवायची न्हाय, कारन एकदा बंद झालेली परत लागंल का न्हाय कुनाला म्हाईत. तळावरच्या बाया तुमची वाट बघत असायच्या. तुमी त्यांच्या झंपरला आतनं चोरखिसा लावून द्यायच्या, कुनाला न दिसनारा. एक म्हनाली, "मावशे, ह्यात काय ठेवू?" तुमी म्हनाला, "तंबाखू ठेव न्हायतर नवऱ्याची अक्कल ठेव, दोन्हीला जागा तेवढीच लागती."

गाडी लागंना की तुमचा ल्योक चाकाखाली जायचा आन तुमी मशीन थांबवून वर बघायच्या. आतला दिवा, ज्याच्या उजेडात आपन शिवतो, त्यो आधी लावून ठेवायचा. मंग वरडायच्या, "मार चावी!" दिवा नुसता मंद झाला तर म्हनायच्या, बॅटरी उपाशी हाय, भरून आना. दिवा झकास जळतोय आन स्टार्टर गप, तर म्हनायच्या, त्यो झोपलाय, हातुडीनं हळू ठोकून उठवा. आन चावी मारल्यावर दिवा पारच विझला, सोडल्यावर परत आला, तर मंग वाटंत कुठंतरी करंट अडलाय. "चार-दोनदा चावी मारून एकेका जोडाला हात लावून बघायचा. अडलेला करंट जोड तापवतो, जिथं चटका बसंल तितं चोर हाय." मामंजींनी शिकवलेलं तुमाला. तुमी मला शिकवायला बघायच्या. मी म्हनायची, मी न्हाय बाई हात लावनार, ठिनग्या उडत्यात. "बारा व्होल्टची हाय ती, चावत न्हाय. मी जास्त चावते." व्हय आत्याबाई, तुमी जास्त चावायच्या.

आपलं भांडन एकच व्हतं. सोनीची शाळा. जूनला तिचं नाव जळोचीच्या बालवाडीत घालायचं, तर तिनं सीझनभर तळावर ऱ्हायचं कसं? माजी शाळा अशीच तुटली, आईबापामागं फिरताना, आज हितं, उद्या तितं, हजेरीला नाव असायचं आन मी नसायची. मी तुमाला म्हनलं, "निळ्याखालनं अजून शाळेचं नाव उमटतंय हिच्या पत्र्यावर. शाळेच्या बसमधी राहून माझी पोरगी शाळेबिगर ऱ्हानार व्हय?" तुमी म्हनाला, "मंग शाळा घरातच हाय की." मी हसले न्हाय. मी म्हनलं, "यंदापासनंच मी तळावर येनार न्हाय, पोरीला आत्तापासनं एका जागची सवय लागू दे. बस जळोचीतच उभी ऱ्हाऊ द्या." तुमी म्हनाला, "उभी ऱ्हायली की ती मरंल." मी म्हनलं, "मरू द्या."

तुमी रंगाच्या डब्यात बरश बुडवला.

दसऱ्याच्या आधीचं दिस व्हते ते. समद्या आळीत घरं झाडाया-धुवाया निघालेली, गोधड्या कॅनॉलवर, भांडी उन्हात. आपलं घर चाकावर म्हनून तुमी त्याला कवा सोडलं न्हाय. दर साली बस उतारावरनं सपाटीला आनून निळा आईलपेंट, आत बाहेर, चाकाच्या नटापातूर. यंदा तुमच्या ल्योकानं बॅटरी भरायला नेल्ती, तर मोकळी झालेली ती जागा बी तुमी धरली. मी हापशावर सोनीला आंघूळ घालत व्हते, तितनं दिसत व्हता तुमी. बॅटरीपासनं गाडीच्या लोखंडाला जाती ना ती तांब्याची पट्टी, येनीसारखी इनलेली, तिचा नट सोडवला, खालचा गंज खरवडून काढला, मला वरडून दावला, "बघ मंगे, हितं किती गंज! हितनंच रुसत असंल ही!" मंग तितं बी निळा फिरवला, दोन हात, मायेनं, आन पट्टी बसवून नट असा आवळला की पाना हातातनं सुटला. "आता गंजाची यायची टाप न्हाय," म्हनाला.

तवाच म्हनाला, माझ्याकडं न बघता, "दसरा हू दे. मंग सांगते तुला शाळेचं."

दसरा झाला. विहारात जाऊन आलो, सोनीनं नवा पांढरा फ्राक चिखलात लोळवला, तुमी तिला मारायच्या ऐवजी मलाच बोलला. आन सांगायचं ऱ्हायलं. तुमच्या मनात काय व्हतं आत्याबाई? मी अजून त्यावरच अडून हाय.

दसऱ्यानंतरची ती दुपार, बॅटरी भरून बसवलेली पन चावी अजून कुनी मारली नव्हती, आन तुमी परकराला नेफा घालत व्हता. मशीन थांबली. तुमी म्हनाला, "छातीत कसंतरीच हुतंय." घामानं पाठ भिजलेली. मी तुमाला आडवं केलं, तुमचा ल्योक पळत येऊन चावी मारतोय, टक्. टक्. मी सोनीला दाराभाईर ढकललं, ती रडतीया, मी रडतीया, ह्ये चावी मारत्यात, टक्. आन तुमी आडव्या पडून वर बघत व्हता, दिव्याकडं. तुमी म्हनाला, "संज्या, दिवा पार इझतोय रं. करंट अडलाय. हात लावून बघ." आमी म्हनलं, आई गप पडा, बोलू नका. तुमी परत म्हनाला, "हात लावून बघ की."

शेजारच्यांचा ट्रॅक्टर आला, ट्रॉलीत गादी टाकली. बारामतीच्या दवाखान्यापातूर तुमचा हात माझ्या हातात व्हता. रस्त्यातच कुठंतरी त्यो गार पडला. मी सांगितलं न्हाय कुनाला. मला वाटलं न सांगितल्यानं काय फरक पडतोय का बघावं. डाक्टर म्हनाले, लई मोठा झटका व्हता, दारात दवाखाना असता तरी हातात कायबी नव्हतं. मी ऐकलं. तुमच्या ल्योकानं ऐकलं न्हाय. त्यांनी घरी येऊन बसच्या पत्र्यावर लाथ घातली आन म्हनले, "हिनं मारलं माझ्या आईला."

मंग मिस्त्री आले, बारामतीचे. नवी बॅटरी लावून बघितली, टक्. स्टार्टर खोलून दुकानात नेला, आतलं कार्बन बदललं, आनून बसवला, टक्. मिस्त्रींनी डोकं खाजवलं. म्हनले, "वैनी, माझ्या टेबलावर असा पळाला की धरून ठेवायला लागला. हितं आला की गप. सासरी आलेल्या पोरीगत." मी म्हनलं, "मंग पोरीला कशाला खोलताय? सासरात बघा की काय हाय." तुमी असता तर त्याला चहा बी दिला नसता आन हसून हसून पोट धरलं असतं. त्यांनी पट्टीकडं बी बघितलं हां. हालवून बघितली. म्हनले, ही तर काल बसवल्यागत हाय, नट बी घट्ट हाय. आन फुडं गेले.

ट्रॅक्टरनं वढून बघितली तर लगेच लागली! धूर काय, आवाज काय, सोनी टाळ्या वाजवाया लागली. तुमच्या ल्योकानं ऐकली जराशी आन बंद केली. परत चावी मारली, टक्. मी म्हनलं, "इंजन तर निरोगी हाय. वढून तळावर नेऊ." ह्ये म्हनले, "आन तितं सोनीला काय झालं तर? परत हुडकू ट्रॅक्टर? परत ट्रॉलीत घालू?" त्यांचं भ्या खोटं नव्हतं. मला बी तेच भ्या व्हतं, झोपंत बी ती टक् ऐकू यायची.

तात्या आले, तुमचे धाकटे दीर, पणदऱ्याचे. तुमच्या फोटोला हात जोडले, चहा घ्येतला आन म्हनले, "संज्या, मानूस गेलं, गाडी बी जाऊ दे. पणदऱ्याला या. खोली देतो. गोठ्यात हात लावा, दूध काढा, पोरगी शाळंत घाला, शाळा समोरच हाय."

आत्याबाई, बघा. मला पायजे व्हतं ते समदं ताटात वाढून आलं. घर, एका जागी. शाळा, समोर. तुमच्याशी जे भांडले ते न भांडता मिळालं. मी म्हनलं, "तात्या, मशिनी दोन हायत, आत्याबाईंची आन माझी, त्या कुठं ठेवू?" तात्या म्हनले, "ठेव की गोठ्यात, गवानीच्या कडंला, जागा काय कमी हाय?" आन मला एकदम समदं दिसलं. गोठ्याच्या कोपऱ्यात तुमची मशीन, वर कडबा पडलेला. तळावरच्या बाया वाट बघत्यात. आन बस तोडत्यात, सळईनं, घनानं, आन समदं गाव म्हनतंय, हिनंच म्हातारीला मारलं. जिनं कवा मुंगी मारली न्हाय.

तात्या एसटीडी बूथवर जाऊन त्याच भंगारवाल्याशी बोलून बी आले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यो ट्रॅक्टर घिऊन येनार आन वढून नेनार असं ठरलं. तुमचा ल्योक खोली बघाया तात्यासंगं पणदऱ्याला गेला. जाताना मला म्हनले, "सामान बांधून ठेव."

मी गोधड्या बांधल्या. तवा, परात, स्टो. तुमची कात्री. उसवायचं ब्लेड, तुमी अर्ध मोडून एका बाजूला चिंधी गुंडाळलेलं. मंग खाली बसले आन वर बघितलं. दिवा. मी मनात म्हनलं, त्या दिवशी ह्या बाईनं मरता मरता आमाला काम सांगितलं आन आमी तिला गप पड म्हनलं. अजून कुनी ते काम केलेलं न्हाय. मिस्त्रीनं बॅटरी बदलली, स्टार्टर दुरुस्त केला. हात कुनी लावला न्हाय.

सोनीला शेजारच्या काकीकडं ठेवलं. काकीला म्हनलं, कपडे बांधते. खरं सांगितलं असतं तर तिनं मला वढून नेलं असतं.

गिअर काढलाय का बघितलं, दोनदा बघितलं. आतला दिवा लावला. डायवरच्या सीटवर बसले, ती सीट मला एवढी मोठी वाटली, पाय पुरंनात. चावी धरली. मी मोठ्यानं म्हनलं, "आत्याबाई, मारते हां." आन मारली. टक्. वळून वर बघितलं, दिवा पार इझला. चावी सोडली, दिवा आला. परत मारली, इझला. सोडली, आला. तुमीच आडव्या पडून बघत व्हता ते, जसंच्या तसं. मला रडू आलं, पन रडाया थांबले न्हाय, परत मारली, आन परत, आन खाली उतरून पळत बॅटरीपाशी गेले.

हात लावायचा व्हता. आत्याबाई, मी भित्री हाय. मला वाटलं आता मी मरते आन सोनी काकीकडंच ऱ्हाती. डोळं मिटलं, बॅटरीच्या पैल्या खिळ्याला बोट लावलं. गार. दुसऱ्याला लावलं. गार. चावली न्हाय. मंग जाड वायर धरत धरत खाली वाकले, स्टार्टरच्या जोडापातूर. गार. मंग ती येनीसारखी पट्टी, तिच्यावरनं बोट सरकवत नेलं, जितं ती गाडीच्या लोखंडाला मिळती तितं, तुमच्या निळ्या नटावर. चटका. असा बसला की मी बोट तोंडात घातलं.

मला अजून खरं वाटंना. नट तर घट्ट. मंग टुलबॉक्समधनं जंपरची वायर काढली, जिला दोन्हीकडं चिमटं असत्यात ती. एक चिमटा बॅटरीच्या मायनसला, एक सरळ इंजनाच्या लोखंडाला, म्हंजी पट्टीला वगळून दुसरी वाट करून दिली. वर चढले, चावी मारली. आन आत्याबाई, घर्र! अशी फिरली की मी घाबरून चावी सोडूनच दिली. सीटवर नुसती बसून ऱ्हायले. बॅटरीत दोष न्हाय. स्टार्टरमधी न्हाय. बसमधी न्हाय. वाटंत.

चिमटं काढलं. मायनस सोडवला. पाना लावला, तुमी आवळलेला नट, हालता हालंना, तुमच्या हाताची ताकद अजून त्याच्यात. पाय टेकवून वढला तवा सुटला. पट्टी उचलली. खाली निळा. गुळगुळीत, एकसारखा, कुठं ठिपका सुटलेला न्हाय. पट्टीच्या खालच्या अंगाला बी निळा. ओला असताना आवळलेला म्हनून पार चिकटलेला. तांब्याला लोखंड कुठं लागतच नव्हतं. नटाच्या आट्यांतनं काय थोडं जायचं त्याच्यावर दिवा जळायचा, स्टार्टरला तेवढं पुरायचं न्हाय.

मी खाली मातीत बसले. तुमीच केलं व्हतं, आत्याबाई. गंज लागू ने म्हनून. मायेनं. तुमचा अंदाज बी बरोबर व्हता, चोर तितंच व्हता, गंज. चोराला हाकलला आन दाराला बाहेरनं कडी लावून टाकली. असं कोन करंल? ज्याला बस ही बस वाटती त्यो न्हाय करनार. जिला ती घर वाटती तीच करंल, भिंत सारवल्यागत.

मंग मी उठले. तुमचं ब्लेड आनलं. आठवतं, मी पैल्यांदा झंपर शिवला आन बाही उलटी लावली, आन रडाया लागले, तवा तुमी हेच ब्लेड माझ्या हातात दिलं. म्हनाला, "टाका चुकला तर उसवायचा. त्यात रडायचं काय आन लाजायचं काय?" तसंच केलं. तुमचा रंग खरवडला. एकेक पापुद्रा. मनात म्हनत व्हते, आत्याबाई राग मानू नका, एवढ्याच जागचा काढते, बाकीचा ठेवते. काचपेपर मारला, पट्टीला बी, लोखंड चांदीवानी चमकाया लागलं. पट्टी बसवली, आवळली, मायनस लावला. भंगारवाल्याचा ट्रॅक्टर सकाळी येनार, आन माझ्या डोस्क्यात एकच, आता न्हाय लागली तर मी तिला माझ्या हातानं ढकलत भवानीनगरला नेईन.

दिवा लावला. थंड इंजन लागायच्या आधी तापवायचा त्यो हिटर तापू दिला, तुमी जेवढा येळ गुणगुणायच्या तेवढा. चावी मारली.

दिवा जरासा खाली आला, जिता ऱ्हायला. आन ती लागली.

तुमच्या ल्योकाला रस्त्यावरनंच आवाज गेला. पळत आले, चपला कुठं पडल्या त्यांची त्यांना शुद्ध न्हाय. "कुनी चालू केली?" मी म्हनलं, "मी." "वढायला कोन आल्तं?" "कुनी न्हाय. चावीवर." त्यांनी माझ्याकडं असं बघितलं जसं मी कुनी दुसरीच बाई हाय. मंग म्हनले, "कशात व्हतं?"

मी मूठ उघडली. निळी साल, पापडासारखी. "पट्टीखाली रंग गेला व्हता."

त्यांनी ती साल हातात घ्येतली. लई येळ बघितली. मी भ्याले, मला वाटलं आता हा मानूस मोडंल, कारन मला जे कळलं ते त्यांना बी कळलंच असनार, की त्या दुपारी गाडी का लागली न्हाय. ते पायरीवर बसले. म्हनले, "आईनं हितं बी रंग दिला?" आन हसाया लागले. "एवढं कुनी घर घासून पुसून ठेवतं का? सांग की, ठेवतं का?" हसता हसता रडाया लागले, बस चालूच, तिची घरघर आन त्यांचं रडनं, एकात एक. त्या दिवसापासनं पैल्यांदा रडले ते. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. आमी बाकी कायबी बोललो न्हाय. फुडं बी बोलू असं वाटत न्हाय. पन तुमच्याशी बोलते: बसनं मारलं असं आता कुनी म्हनत न्हाय. आन तुमी स्वतःलाच अडवलं असं बी मी म्हनू देनार न्हाय. डाक्टरांनी सांगितलेलं मी ऐकलंय. मी ऐकलंय, आत्याबाई, दोघांच्या वतीनं.

भंगारवाल्याला सकाळी चहा पाजून परत लावला. त्यो म्हनाला, "वैनी, परत बिघडली की सांगा." मी म्हनलं, "तुमीच बिघडाल आधी." कुठनं आलं तोंडातनं कुनास ठाऊक. तुमच्यासारखंच आलं. तात्या रुसून बसले, रुसू द्या, दिवाळीला जाऊन येऊ.

तळावर गेलो तवा बाया पळत आल्या, "मावशी कुठंय? मावशी कुठंय?" मी सांगितलं. एक बाई तितंच खाली बसली. तिनं पदर बाजूला करून मला तुमचा चोरखिसा दावला, झंपर पार इरलेला, खिसा तसाच. म्हनाली, "नवा शिवशील का गं? पन खिसा ह्योच लाव. ह्योच उसवून." मी तुमच्या मशीनवर बसून लावला. टाके तुमच्यासारखे न्हाय आले, जरा वाकडे आले. तिनं चालवून घ्येतले.

आन आता आपलं भांडन. ऐका. बस आता चावीवर लागती, रोज लागती. म्हनून आमी तळावर ऱ्हात न्हाय. सकाळी जळोचीतनं निघायचं, भवानीनगरला जायचं, दिवसभर शिवायचं, सांजच्याला परत बाभळीखाली. जूनला सोनीचं नाव बालवाडीत घालनार, ती काकीकडं ऱ्हाईल आमी यीस्तवर, काकी व्हय म्हनलीया. म्हंजी बस उभी बी ऱ्हायली न्हाय आन शाळा बी सुटनार न्हाय. मी ह्ये मनात जुळवलं आन एकदम थांबले. तुमी तो गंज का काढला? एवढी वर्सं तितं गंज व्हता, कवा हात लावला न्हाय. आन मी शाळेवरनं भांडले त्याच दिवशी पट्टी खोलली. "हितनंच रुसत असंल ही." तुमाला ती रोज चावीवर लागायला पायजे व्हती का? रोज जाऊन परत यायला? दसरा झाल्यावर ह्येच सांगनार व्हता का मला?

का नुसतं घर रंगवत व्हता, आन मीच आपलं कायबाय शिवत बसलीया?

म्हाईत न्हाय. इचारायला कोन न्हाय. पन मी दोन्ही धरून चालनार हाय, आत्याबाई, व्हय बी आन न्हाय बी. तुमी जिंकला असं मी म्हननार न्हाय. मी जिंकले असं बी न्हाय.

सोनी रोज इचारती, नटापाशीच निळा का न्हाय? मी तिला पाना धराया शिकवतीया, म्हंजी नुसता धराया. ती भीत न्हाय. ती चावती, तुमच्यावानी.

रोज सकाळी मी आधी आतला दिवा लावते. चावी मारते, वळून दिवा बघते. मंग खाली उतरून त्या उघड्या लोखंडावर हात ठेवते, जिथं चटका बसला व्हता तितं. ह्ये म्हनत्यात, लागली की गाडी, आता काय बघती? मी सांगत न्हाय. ट्रॉलीत तुमचा हात माझ्या हातात गार पडला तवापासनं मी गार कशालाबी हात लावाया भीत व्हते. पन ह्या जोडाचं उलटं हाय, हा गार असला म्हंजी करंट वाहतोय. मी हात ठेवते. गार असतोय. मंग वर चढते आन म्हनते, चला.